मनकर्णाच्या रानातली पालं

धामणवाडीत घिसाडी यायचे ते चैत्र उतरता उतरता. ऊसतोडीला गेलेली माणसं तोवर कारखान्यावरून परतलेली असायची आणि घराघरात बोथटलेले विळे-कोयते, झिजलेले फाळ कोपऱ्यात पडून असायचे. ओढ्याकाठच्या गायरानात तीन-चार पालं पडली की दुसऱ्या दिवसापासून घणाचे ठोके गावात ऐकू यायचे. लाल झालेलं लोखंड सांडशीत धरून पुरुष बसायचा आणि घण मारायची त्याची बायको. गावातल्या बायकांना त्याचं मोठं नवल.

मनकर्णालाही होतं. पन्नाशीकडे झुकलेली ही बाई आसारामाची बायको. घरची सहा एकर कोरडवाहू जमीन, त्यातली दोन नुसती माळाची. बाजरी घरात आली की दसऱ्यानंतर मुलगा गोरक्षनाथ आणि सून पुष्पावती टोळीबरोबर कारखान्याला जात, आणि मागे मनकर्णा-आसाराम गुरं आणि घर सांभाळत. घिसाड्यांपैकी बन्सी आणि त्याची बायको जमना यांच्याशी मनकर्णाचा कितीतरी वर्षांचा संबंध होता. पण तो ओट्यापुरता. जमना आली की ओट्याखाली बसायची. मनकर्णा तिला भाकरी वरून टाकायची, पाणी ओंजळीत ओतायची. सासू असंच करायची म्हणून तीही करायची. त्यात काही वावगं आहे हे तिच्या मनाला कधी शिवलं नव्हतं. फिरस्ती माणसं, कुठल्या गावचं काय अंगाला लावून येतील सांगता येत नाही, असं ती सुनेलाही शिकवायची.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी मध्यावधी निवडणूक नुकतीच होऊन गेली होती. भिंतींवर गेरूनं काढलेली गाय-वासराची चित्रं अजून पुसली नव्हती. पाऊसकाळ संपला की ग्रामपंचायतीचीही निवडणूक लागणार होती. सरपंच आप्पासाहेब हे शांत, गोड बोलणारे गृहस्थ. गावाला सडक त्यांनी आणली, शाळेची दुसरी खोली त्यांनी उभी केली. या खेपेला आपल्या पॅनेलमध्ये आसारामाला घेण्याचं त्यांनी कबूल केलं होतं, आणि आसाराम तेव्हापासून धुतलेली टोपी घालून पारावर बसू लागला होता.

पाडव्याच्या सुमारास टोळी परतली ती ट्रकमधून. पुष्पाला दोघांनी धरून खाली उतरवली. ती तापानं फणफणली होती, कंबर धरून कण्हत होती. दोन दिवसांनी तोंडावर आणि हातांवर बारीक पुरळ उठला, आणि मग त्याचे टपोरे फोड झाले. मनकर्णानं ओळखलं. बाया आल्या होत्या. देवींना तिच्या घरात कुणी नावानं हाक मारत नसे. बाया म्हणायचे, तेही हळू आवाजात.

मनकर्णानं दाराला लिंबाचे डहाळे लावले. घरात फोडणी बंद केली, गोरक्षला दाढी करू दिली नाही. सुनेला आतल्या खोलीत, अंधारात, मऊ गोधडीवर निजवलं आणि रोज संध्याकाळी दहीभात ओवाळून ठेवला. शेजारपाजारच्या घरांना कळलं, पण कुणी वाच्यता केली नाही. सरपंचाच्या बायकोनं, केशरबाईनं, स्वतः दह्याचं गाडगं पाठवलं. बाहेर बोभाटा झाला तर देवी टोचणारे येतील, पोरीला उचलून नगरच्या दवाखान्यात नेतील, बायांचा कोप होईल, अशी सगळ्यांचीच समजूत होती. पुष्पाला लहानपणी टोचलेलं नव्हतं. टोचणारा आला की तिची आजी तिला कडब्याच्या गंजीत लपवायची, हे ती हसत सांगायची.

पुष्पा वाचली. खपल्या पडल्या, तोंडभर वण राहिले. तिनं आरसा मागितला नाही आणि मनकर्णानं दिला नाही. शितळेचा नैवेद्य झाला, दाराचा लिंब उतरला. आता राहिली होती ती गोधडी. बायांचं अंथरूण घरात ठेवायचं नसतं; ते वाहत्या पाण्यात सोडायचं. पण ओढ्याला पाण्याचा थेंब नव्हता. त्याच दिवशी जमना विळे मागायला आली. तिच्या कडेवर तीन-चार वर्षांची मुलगी होती, सोनी. मनकर्णानं गोधडी घडी घालून ओट्याच्या कडेला ठेवली आणि म्हणाली, ने पोरीला अंथरायला. आपल्या हातून पुण्य झालं, असंच तिला त्या वेळी वाटलं. जमनानं क्षणभर गोधडीकडे बघितलं, मग ती खांद्यावर टाकली आणि निघून गेली.

वैशाखात सोनी आजारी पडली.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. घिसाड्यांच्या पालात देवी निघाल्या, हे पाणवठ्यावर कळलं, तिथून पारावर गेलं. लोकांचा सूर एकदम बदलला. कालपर्यंत ज्यांच्याकडून फाळ शेवटून, टोकदार करून घेतले, त्यांच्या पालांकडून जाताना माणसं नाकाला पदर आणि उपरणं लावू लागली. ही जात घाणेरडीच, कुत्र्यामांजरांत झोपते, मराठवाड्यातून रोग घेऊन आली, असं जो तो बोलू लागला. दुकानदारानं त्यांना मीठमिरची देणं बंद केलं. विहिरीपासून लांब एक दगड ठेवून दिला गेला. घागर तिथं ठेवायची आणि कुणी ओतलं तर न्यायची. मनकर्णाही त्या बोलण्यात मान हलवत होती. गोधडीचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. बाया तर घरातून गेल्या होत्या, नैवेद्य घेऊन, समाधानानं. गेलेल्या बाया गोधडीत कशा राहतील?

आप्पासाहेबांनी स्वतः तालुक्याला खबर दिली. जीप आली. तिच्यातून एक तरुण डॉक्टर आणि दोन टोचणारे उतरले आणि सरळ गायरानात गेले. मनकर्णाचा दुरुस्तीला दिलेला फाळ तिथं पडून होता. तो आता परत मिळतो की नाही या काळजीनं तीही चार बायकांबरोबर ओढ्याच्या अलीकडे जाऊन उभी राहिली. डॉक्टरनं पालातल्या सगळ्यांना टोचलं. बन्सीला तो विचारत होता, कुठून आलात, वाटेत कुठं मुक्काम केला, तिकडं कुणी आजारी होतं का. बन्सी प्रत्येक प्रश्नाला नाही म्हणत होता आणि डॉक्टरच्या चेहऱ्यावर ते खोटं वाटत असल्याचं स्पष्ट दिसत होतं.

मग डॉक्टरनं काठीनं पोरीचं अंथरूण बाहेर ओढलं. गोधडीला शिवलेलं आपलं जुनं हिरवं लुगडं मनकर्णाला दिसलं, त्याला लावलेला पुष्पाच्या लग्नातल्या शालूचा तांबडा काठ दिसला. हे जाळावं लागेल, डॉक्टर म्हणाला. खपल्यांमधून, कपड्यांमधून हा रोग लागतो. ही गोधडी कुठून आणली?

जमनानं मान वर केली. ओढ्यापलीकडे उभ्या असलेल्या मनकर्णाकडे तिनं एकदा बघितलं.

"आमचीच हाय, साहेब," ती म्हणाली. "बाजारातून घेतली व्हती."

गोधडी जळायला वेळ लागला. मनकर्णा फाळ न घेताच घरी आली. भाकरी थापता थापता तिचे हात थांबायचे. पुष्पानं विचारलं, तेव्हा तिनं सगळं सांगितलं. पुष्पा एवढंच म्हणाली, "मंग माझंच दुखनं त्या पोरीला गेलं की, आत्याबाई."

दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर चावडीपुढं सभा भरली. डॉक्टरचं म्हणणं होतं की गावातल्या सगळ्यांना टोचलं पाहिजे आणि पालं आहेत तिथंच राहिली पाहिजेत. ती हलली तर रोग दहा गावांत जाईल. आप्पासाहेबांनी ते नीट ऐकून घेतलं. मग ते हात जोडून म्हणाले की गावात एकही रोगी नाही. गाव स्वच्छ आहे. रोग आणला तो बाहेरच्यांनी. गायरान पंचायतीचं आहे, आणि उद्या सकाळपर्यंत पालं हद्दीबाहेर गेली पाहिजेत असा ठराव पंचायत करत आहे. माना डोलल्या. टोचून घेण्याबद्दल मागून कुणीतरी म्हणालं की त्या सुईनं पोरं व्हायची बंद होतात, सरकारचा तोच डाव आहे. हशा झाला. बन्सी चावडीच्या पायरीखाली उभा होता, हातात पटका घेऊन. त्याला कुणी काही विचारलं नाही.

बायका नेहमीप्रमाणे भिंतीच्या आडोशाला होत्या. मनकर्णा त्यांच्यातून पुढं आली. आसाराम पुढच्या ओळीत बसला होता. त्यानं वळून बघितलं आणि डोळ्यांनीच दटावलं. ती थांबली नाही.

तिनं सांगितलं ते थोडक्यात. रोग पालातून आला नाही. तो तिच्या घरातून पालात गेला. सून कारखान्यावरून ताप घेऊन आली, फोड आले, आणि ती ज्या गोधडीवर निजली होती ती गोधडी आपणच जमनाला दिली. "काल जळाली ती माजी व्हती," ती म्हणाली. "जमना खोटं बोलली. माज्यासाठी बोलली."

हे जवळजवळ सगळ्यांनाच अर्धंमुर्धं ठाऊक होतं, पण ते असं चावडीपुढं मोठ्यानं कुणी बोलेल असं वाटलं नव्हतं. डॉक्टर उठून उभा राहिला. आधी का नाही सांगितलं, असं त्यानं जरा चढ्या आवाजात विचारलं.

आप्पासाहेब मात्र चिडले नाहीत. ते नेहमीच्याच मऊ आवाजात बोलले.

"वैनी, तुमचं मन मोटं हाय. पर तुमच्या घरी आल्या त्या बाया. आल्या, पाहुनचार घेतला, गेल्या. त्यांच्या पालात आला त्यो रोग. ह्यात फरक हाय."

"काय फरक हाय, आप्पासाहेब? फोड तर येकच हायेत."

आप्पासाहेबांनी सभेकडे वळून ठरावाला हात वर करायला सांगितलं. हात वर झाले. आसारामाचाही झाला.

घरी आल्यावर आसारामानं आकाशपाताळ एक केलं नाही, पण तो बराच वेळ धुमसत बोलत राहिला. आप्पासाहेबांची अडचण तिला कळत नाही, असं त्याचं म्हणणं. उद्या कारखान्यावर कळलं की धामणवाडीची टोळी देवी घेऊन फिरते, तर दसऱ्याला मुकादम कुणाला उचल देणार नाही. सगळं गाव त्या टोळीवर जगतं. घिसाड्यांचं काय, ते आज इथं, उद्या तिथं. त्यांना ना घर, ना मत. मनकर्णानं ऐकून घेतलं. तो खोटं बोलत नव्हता हे तिला कळत होतं. आप्पासाहेबही वाईट माणूस नव्हते. पण गोधडी जळण्याआधी ओढ्यापलीकडून जमनानं बघितलेलं तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

"गायरान पंचायतीचं हाय," ती शेवटी म्हणाली. "माळ आपला हाय. माज्या सासऱ्यानं घेतलेला. पालं तितं राहतील."

आसारामानं पॅनेलचं नाव काढलं. तिनं ते ऐकून सोडून दिलं. गोरक्ष दारात उभा होता. तो गाडीला बैल जुंपायला गेला. अंधार पडायच्या आत पालांचं सामान, ऐरण, भाता, सगळं गाडीत भरून त्यानं माळावर नेऊन टाकलं. डॉक्टरला हे बरं वाटलं. पालं हलली नाहीत म्हणजे त्याचं काम सोपं होतं, आणि खासगी रानातून त्यांना पंचायतीला काढता येत नव्हतं.

त्यानंतरचे दिवस मनकर्णाला जड गेले. पाणवठ्यावर तिची घागर लागली की बाकीच्या बायका सरकून उभ्या राहायच्या. घिसाडीण म्हणून एकदोघींनी मागून हाकही मारली. केशरबाई समोरून आली की रस्ता बदलायची.

सोनीचं दुखणं वाढलं. डॉक्टर एकाआड एक दिवस यायचा. ज्याला एकदा हे दुखणं होऊन गेलं त्याला पुन्हा होत नाही, असं त्यानं बोलता बोलता सांगितलं. ते ऐकून पुष्पा दुसऱ्या दिवशी पदर खोचून माळावर गेली आणि पालात शिरली. जमना कितीतरी दिवस झोपली नव्हती. पुष्पानं तिला निजवलं आणि पोरीचं डोकं मांडीवर घेऊन लिंबाच्या डहाळीनं माश्या वारत बसली. मग रोजच जाऊ लागली. एकदा मनकर्णा भाकरी घेऊन गेली तर सून जमनाच्या मडक्यातलं पाणी तांब्यानं पीत होती. मनकर्णाच्या ओठांवर काहीतरी आलं. तिनं ते गिळलं आणि भाकरी पालाच्या आत, जमनाच्या हातात दिली.

इकडे डॉक्टरनं गावात घर न् घर धुंडाळलं. मनकर्णाच्या बोलण्यानंतर त्याला कुणी थांबवू शकलं नाही. आणखी तीन घरांत दारामागं लिंब सापडला. टोळीतून आलेला एक बाप्या, एक म्हातारी, आणि भीमा कोळप्याचं तान्हं मूल. तान्हं वाचलं नाही. ते गेलं त्या दिवशी टोचून घ्यायला चावडीपुढं रांग लागली, आणि रांगेत पहिले उभे होते आप्पासाहेब. बाही वर करून त्यांनी सगळ्यांना दिसेल असं टोचून घेतलं. तेवढं त्यांनी केलं, आणि त्यामुळे उरलेलं गाव पुढं आलं, हेही खरं.

रोग कुणी आणला, याबद्दल मात्र गावाचं मत बदललं नाही. मृगाच्या आधी पारावर बसलेली माणसं पुन्हा म्हणू लागली, घिसाडी आले आणि देवी आल्या.

सोनी बरी झाली. तोंडावर खड्डे राहिले आणि उजव्या डोळ्यात फूल पडलं. डॉक्टरनं परवानगी दिल्यावर पालं उठली. निघायच्या दिवशी मनकर्णा माळावर गेली. बन्सी गाढवांवर ओझं आवळत होता. त्यानं तिच्याकडे बघितलं नाही. जमना दोऱ्या गुंडाळत होती. मनकर्णा तिच्याजवळ जमिनीवर बसली. काय बोलावं हे तिनं वाटेत जुळवलं होतं, पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"जमने, तुज्या पोरीचा डोळा माज्यामुळं गेला."

जमनाचे हात थांबले नाहीत.

"मला तवाच समजलं व्हतं, बाई. चांगली गोधडी आमाला कोन देतं? दारात लिंब बी पायला व्हता मी, गावात आलो तवाच. पर तुमी उतरवला. मला वाटलं, बाया गेल्या त्या गेल्या. पोरगी धोंड्यावर निजत व्हती."

"मंग डाक्टराला खोटं का बोललीस?"

"तुमचं नाव घेतलं असतं तर गावानं मला खरं मानलं असतं का?"

जमनानं दोरीला गाठ मारली. मग ती म्हणाली की गोधडीचा तिला राग नाही. पण सभेत मनकर्णानं सगळं सांगितल्यावरही हात वर झाले, ते बन्सीनं पायरीखाली उभं राहून मोजले. तो आता या गावात पुन्हा ऐरण मांडणार नाही. आसारामाचा हात वर झाल्याचं तिनं बोलून दाखवलं नाही. दोघींनाही ते ठाऊक होतं. निघताना जमनानं सोनीला पुष्पाच्या पाया पडायला लावलं. पुष्पानं तिला उचलून कडेवर घेतलं आणि सडकेपर्यंत नेलं.

पाऊस बेताचा झाला. निवडणुकीत आप्पासाहेब पुन्हा निवडून आले. पॅनेलमध्ये आसाराम नव्हता. तो काही महिने बायकोशी तुटक वागला, मग त्याचा राग हळूहळू निवला. टोपी मात्र त्यानं पुन्हा रोजचीच घातली. दसऱ्याला मुकादम आला. त्यानं टोळीतल्या प्रत्येकाचा दंड बघितला, टोचल्याचा वण आहे ना एवढीच खात्री केली, आणि सगळ्यांना घेऊन गेला. ज्याची भीती घातली गेली होती त्यातलं काहीच झालं नाही. त्याबद्दल कुणी बोललंही नाही.

पुढच्या वर्षी चैत्र उतरला तरी गायरान मोकळंच राहिलं. लोक थोडे दिवस वाट बघत राहिले, मग विळे-फाळ घेऊन पाथर्डीच्या बाजाराला जाऊ लागले. पारावर आप्पासाहेब म्हणाले की ही जात आता आळशी झाली, तिला कष्ट नको झालेत. तिथून चाललेली मनकर्णा थांबली. तिनं पदर सारखा केला आणि सांगितलं की आळशी नाहीत, त्यांना आपण हाकललंय. आप्पासाहेबांनी हसून मान हलवली. पारावरचं कुणी हसलं नाही, आणि कुणी तिच्या बाजूनंही बोललं नाही. ती पुढं गेली.

बाजारच्या दिवशी ती पुष्पाला घेऊन पाथर्डीला गेली. पुष्पाला दिवस गेले होते. बाजाराच्या टोकाला, चिंचेखाली, ओळीनं पालं होती. बन्सी विस्तवापुढं बसला होता. त्यानं मनकर्णाचा विळा हातात घेतला, धार अंगठ्यानं तपासली, आणि कामाला लागला. जमनानं घण उचलला. सोनी भात्याजवळ खेळत होती. आधी तिनं पुष्पाला ओळखलंच नाही. मग जवळ आली, एका चांगल्या डोळ्यानं तिच्या तोंडाकडे निरखून बघितलं, आणि आपल्या गालावरच्या खड्ड्यांवर बोट ठेवून हसली.

विळा झाला. बन्सीनं इतर गिऱ्हाइकांना सांगितला तोच भाव सांगितला आणि दुसरं लोखंड विस्तवात घातलं. त्याच्या मनातलं गेलं नव्हतं, आणि ते लवकर जाईल अशी आशा मनकर्णाही धरून नव्हती. जमनानं मात्र घण खाली ठेवला, पुष्पाच्या हातातली पिशवी घेतली, आणि गर्दीतून वाट काढत दोघींना एस.टी.पर्यंत पोचवायला निघाली.